शिलाँगची थंडीतली चेरी

आज पहाटे गुवाहाटीहून निघून, सुमारे १०० किलोमीटरचा चढता रस्ता पार करत, उमियम तलावाला वळसा घालून शिलाँग गाठले, ते केवळ चेरीचा बहर पाहण्यासाठी. जपानमधली चेरी वसंतात फुलते. हिमालयातली ही रानचेरी मात्र नोव्हेंबरच्या थंडीत बहरते. वॉर्ड्स लेकपाशी एका झाडाजवळ मी बराच वेळ रेंगाळलो: पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी फुले झुबक्यांनी लोंबत होती आणि तांबूस, चकचकीत खोडावर आडव्या रेघा होत्या. आयुर्वेदातले पद्मकाष्ठ ते हेच लाकूड. आजीच्या काढ्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून ते आणणाऱ्या मला त्याला फुले येत असतील हे कधी सुचलेच नव्हते! साडेचारलाच सूर्य मावळल्याने उरलेली झाडे गाडीच्या दिव्यांत पाहिली, तेव्हा ती पांढरीच दिसली.