खात्यात अकरा लाख

आमच्या दांडिया बाजारातल्या हिशेबाच्या ऑफिसात बहुतेक फायली फरसाणवाल्यांच्या, औषधाच्या दुकानांच्या आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान कारखान्यांच्या. त्यांत एक फाइल दोन सख्ख्या भावांच्या कंपनीची आहे. त्यांचा धंदा व्हीट्यूबरचा. पडद्यावर चित्रातली मुलगी बोलते, गाते, गेम खेळते. तिच्यामागे कॅमेऱ्यासमोर खरी मुलगी बसलेली असते, तिचे ओठ हलले की चित्राचे हलतात. जपानात याच धंद्यातल्या एनीकलर आणि कव्हर या कंपन्या २०२२ आणि २०२३मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात आल्या. बडोद्यातले हे दोघे त्याच वाटेने जायचं स्वप्न बघत होते, आणि मला ते मनापासून आवडत होतं.

मार्चच्या मध्यावर, ॲडव्हान्स टॅक्सच्या धावपळीत, दोघे न कळवताच आले. त्यांची सगळ्यात जास्त चालणारी मुलगी काम सोडत होती. महिनाअखेरीला शेवटचं प्रक्षेपण, मग ते पात्र बंद. धाकट्याला मात्र वेगळंच विचारायचं होतं. नव्या थ्रीडी मॉडेलसाठी सहा लाख आगाऊ द्यायचे होते, ते आज पाठवू का? त्याने मोबाइलवर बँकेचं ॲप उघडून माझ्यापुढे धरलं. शिल्लक अकरा लाखांची.

“ताई, पैसा तो छे ने!” पैसे तर आहेत ना, असं त्याचं म्हणणं.

मी त्यांची खातेवही उघडली. अकरापैकी पावणेआठ लाख तिच्या वाढदिवसाच्या सेटसाठी चाहत्यांनी आधीच भरलेले होते. सेटमध्ये ॲक्रिलिकची उभी प्रतिमा, बिल्ला आणि तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. ॲक्रिलिक कापणाऱ्याला अजून ऑर्डरही गेली नव्हती. माल पोचेपर्यंत ही विक्री नाही, देणं आहे. मी त्यांना हे आधीही सांगितलं होतं, पण ॲपवरचा आकडा बघताना कुणाला ते आठवत नाही. जपानातल्या त्या दोन्ही कंपन्यांची सगळ्यात मोठी विक्री अशा वस्तूंचीच असते. त्यामुळे या धंद्यात बँकेतली शिल्लक किती फसवी असू शकते, हे शिकून घ्यावंच लागतं.

मग मी तिचा हिस्सा काढला. सुपरचॅट म्हणजे थेट प्रक्षेपण चालू असताना चाहते पैसे भरून पाठवतात तो संदेश. त्याच्या रकमेतून कर आणि आयफोनवरून आलेले पैसे असतील तर ॲप स्टोअरची कपात वजा होते, आणि उरलेल्याच्या ७० टक्के यूट्यूब देतं. म्हणजे हजारातले फार तर ७०० कंपनीला. करारानुसार निम्मे तिचे, ३५०. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा आयकर, कापला की तिच्या हातात ३१५. चाहत्याला वाटतं, आपण तिला हजार दिले. ते ३१५सुद्धा तीन महिन्यांचे थकले होते. एकूण दोन लाख.

आणखी एक बिल होतं, ते मी त्यांच्यापुढे ठेवलं. पात्र हलतं करणाऱ्या कलाकाराचं, सव्वा लाखाचं. पोरगा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधून शिकलेला. बिलाखाली त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘डाव्या पापणीची घडी, तिसरी दुरुस्ती. मान वळताना केस कापले जातात, दुसरी दुरुस्ती.’ प्रत्येक दुरुस्तीपुढे रक्कम शून्य. ते वाचून मला फार वाईट वाटलं. कलाकारांकडून अशाच फुकट दुरुस्त्या करून घेतल्याबद्दल ऑक्टोबर २०२४मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगाने कव्हरला समज दिली होती. आपल्याकडे हा मुलगा ‘उद्यम’मध्ये, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेला आहे आणि अशांचं बिल चुकतं करायची पंचेचाळीस दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. ३१ मार्चच्या आत पैसे दिले नाहीत, तर यंदाच्या उत्पन्नातून तो खर्च वजाही मिळत नाही.

टीडीएस आणि जीएसटीचे पन्नास हजार धरून देणी साडेअकरा लाख झाली. थोरला बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

धाकटा म्हणाला, “चित्र तर कंपनीच्या मालकीचं आहे. दुसरी मुलगी बसवू. आवाज जवळपास तसाच मिळतो.”

कायद्याने त्याचं बरोबर होतं. पण किझुना आयच्या बाबतीत हेच झालं होतं. २०१६मध्ये आलेलं ते जपानी पात्र, ‘व्हर्च्युअल यूट्यूबर’ हे नाव तिथूनच रूढ झालं. २०१९मध्ये एकाच पात्राला अनेक आवाज दिले गेले आणि चाहते बिथरले. मी त्यांना ते सांगितलं. ताळेबंदात ते मॉडेल अमूर्त मालमत्ता म्हणून दीड लाखाला उभं आहे. ती गेली की त्यातून पुढे एक रुपयाही येणार नाही, तेव्हा यंदाच ते राइट ऑफ करायचं, म्हणजे तोटा म्हणून काढून टाकायचं, हेही सांगितलं. लोक पैसे भरत होते ते तिच्यासाठी, आणि तिची किंमत कुठल्याच ताळेबंदात लिहिता येत नाही.

थोरल्याने तिथूनच तिला फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज प्रक्षेपणात असतो त्यापेक्षा खूप खालच्या पट्टीतला होता. “दादा, वाढदिवसाचं रेकॉर्डिंग मी पूर्ण करून देते. लोकांनी पैसे भरलेत.” एवढंच म्हणाली. थकलेल्या पैशांचा विषयही तिने काढला नाही. तो थोरल्याने काढला.

त्याच दुपारी तिचे दोन लाख आणि कलाकाराचे सव्वा लाख गेले. थ्रीडीचं काम रद्द झालं. चाहत्यांच्या पावणेआठ लाखांसाठी वेगळं खातं उघडायचं ठरलं. कमी पडणारे पन्नास हजार भावांनी घरून घातले. ज्यांना आता सेट नको असेल त्यांना पूर्ण पैसे परत, असं पत्र धाकट्यानेच लिहायला घेतलं.

निघता निघता थोरल्याने विचारलं, शेवटच्या प्रक्षेपणाचं सगळं सुपरचॅट तिलाच दिलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल, पण कागदावर हवं. दोन कलमांचा पुरवणी करार मी टाइप करून दिला. मार्चचे पैसे यूट्यूबकडून २१ एप्रिलनंतर येतात; ते आले की टीडीएस कापून तीन दिवसांत तिच्या खात्यात, असं त्यात लिहिलं.