खाडीवरच्या पक्ष्यांसाठी कॅमेरा : मिररलेस की सुपरझूम?

थंडीची चाहूल लागते, ऐरोलीच्या चिखलात रोहित (फ्लेमिंगो) दिसायला लागतात, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षीगटांमध्ये एकच विचारणा सुरू होते : लेन्स बदलता येणारा भारीतला मिररलेस घ्यावा की एकच लांब झूमची लेन्स कायमची बसवलेला, सगळं एकातच असलेला सुपरझूम? चर्चा बहुतेक वेळा झूमच्या पटीवर जाते. पासष्टपट, त्र्याऐंशीपट, सव्वाशेपट. ही पट फक्त लेन्सच्या रुंद आणि लांब टोकांमधलं गुणोत्तर सांगते. पक्ष्याचं पीस न् पीस दिसेल का, याचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

माझ्या मते विकत घेण्याआधी एकच भागाकार करावा. लेन्सच्या लांब टोकाची खरी फोकल लेंग्थ घ्यायची आणि तिला त्या टोकाच्या एफ-आकड्याने भागायचं. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. प्रकाश आत येण्याची वाट किती रुंद आहे, ते हे उत्तर सांगतं. खरी फोकल लेंग्थ म्हणजे भिंगाभोवतीच्या कड्यावर छापलेली. खोक्यावरची '३५ मिमी समतुल्य' (तेवढंच दृश्य फुल फ्रेम सेन्सरवर यायला लागणारी फोकल लेंग्थ) धरायची नाही. एकाच ठिकाणी उभं राहून एकाच पक्ष्याचा फोटो काढला, तर त्या पक्ष्याकडून कॅमेऱ्यात किती प्रकाश येणार हे या व्यासावरच ठरतं. सेन्सर मोठा की छोटा, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता आकडे लावून पाहू. निकॉन पी १००० चं लांब टोक ५३९ मिमी, एफ ८, म्हणजे ६७ मिमी. पी ९५० चं ३५७ मिमी, एफ ६.५, म्हणजे ५५. कॅनन एसएक्स ७० चं २४७ मिमी, एफ ६.५, म्हणजे जेमतेम ३८. सोनी आरएक्स १० मार्क ४ चा सेन्सर एक इंची. लेन्स २२० मिमी, एफ ४, म्हणजे ५५. मिररलेसमध्ये कॅनन आर ७ वर आरएफ १००-४०० ही हलकी लेन्स लावली तर ४०० भागिले ८, म्हणजे ५०. आरएफ १००-५०० लावली तर ७०. निकॉन झेड १८०-६०० ची वाट ९५ मिमी.

या यादीतली मधली जोडी नीट बघा. आर ७ आणि १००-४०० हा खूप लोकांचा पहिला मिररलेस संच असतो, आणि त्याची वाट आरएक्स १० पेक्षा किंचित अरुंदच आहे. संध्याकाळच्या उजेडात त्याचा फोटो सुपरझूमपेक्षा स्वच्छ येईल ही अपेक्षा गणितात बसत नाही. सेन्सर तिप्पट मोठा आहे हे खरं, पण एफ ८ ची लेन्स तो फायदा खाऊन टाकते. खरी झेप ९५ मिमीला आहे : ५० मिमीच्या तुलनेत सुमारे साडेतीनपट प्रकाश. ती झेप बॉडीमुळे येत नाही, लेन्समुळे येते. म्हणून बजेटचा मोठा वाटा लेन्ससाठी ठेवा. बॉडी एक पिढी जुनी चालेल.

मग आर ७ मध्ये मिळतं काय? त्याच वाटेने आलेल्या प्रकाशाचे जास्त बारीक तुकडे मिळतात. मोठा रोहित उभा असताना साधारण सव्वा मीटर उंच असतो. तो शंभर मीटरवर असेल तर आरएक्स १० च्या ६०० मिमी समतुल्य टोकाला आडव्या चौकटीची उंची चार मीटर भरते आणि पक्षी सुमारे अकराशे पिक्सेल उंच येतो. आर ७ वर ४०० मिमीला तोच पक्षी पंधराशे पिक्सेलच्या आसपास येतो. सकाळच्या चांगल्या उन्हात हा फरक डोळ्याला दिसतो. आठ बाय बाराच्या प्रिंटला किंवा फोनवर पाहायला दोन्ही पुरतात.

आणि पी १००० चं ३००० मिमी समतुल्य? त्या टोकाला चौकट अर्धा अंश उंचीची असते. पौर्णिमेचं चंद्रबिंब तिच्यात जेमतेम मावतं. शंभर मीटरवरचा रोहित मावतच नाही. तीनशे-चारशे मीटरवर चिखलात उभा असलेला रोहित मात्र चौकटीच्या तृतीयांश ते निम्म्या उंचीचा येतो, आणि हेच त्याचं खरं काम आहे : लांबच्या तुतवाराच्या पायातली कडी किंवा रंगीत पट्टी वाचणं, जात ओळखणं, नोंद ठेवणं. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी करायच्या असतील तर हा कॅमेरा फार उपयोगी आहे. भिंतीवर लावायच्या फोटोसाठी तो घेऊ नका. ६७ मिमीच्या वाटेतून जेवढी बारकाई येऊ शकते, त्याहून कितीतरी बारीक पिक्सेल त्याच्या सेन्सरवर बसवलेले आहेत. त्यामुळे त्याचा फोटो निम्म्या आकाराचा केला तरी तपशील हरवत नाही. मुळात तो नसतोच.

त्यात खाडीची हवा. भर उन्हात चिखल तापला की वरची हवा थरथरायला लागते, आणि ही थरथर कोणत्याही लेन्सला, कितीही महाग असली तरी, चुकत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून पलीकडच्या खारफुटीची कड बघा. ती पाण्यासारखी हलत असेल तर लांबचे फोटो त्या दिवशी संपले. लेन्स बिघडली, फोकस चुकला, अशा तक्रारी घेऊन लोक सर्व्हिस सेंटरला जातात, त्यातल्या कित्येक तक्रारींचं मूळ या थरथरीत असतं. मार्च-एप्रिलमध्ये नऊनंतर जवळच्या पक्ष्यांकडेच वळावं.

उजेडाची दिशा आपल्या बाजूने आहे. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, म्हणजे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे उभे राहिलात तर नजर पश्चिमेला असते. पारसिकच्या डोंगरामागून सूर्य वर आला की तो तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. मुंबईच्या काठावर सकाळी नेमकं उलट. खाडीचा हा पट्टा २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जाही मिळाला. केंद्रातून सुटणाऱ्या बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, म्हणून निघण्याआधी भरतीचं कोष्टक बघा. ओहोटीला पक्षी उघड्या चिखलावर पांगून खातात. भरती चढली की ते विसाव्याला आतल्या पाणथळींवर येतात : नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्सचा एनआरआय-चाणक्य परिसर. तिथे ते काठाजवळ आले तर ४०० मिमी समतुल्यसुद्धा भरपूर होतं. कॅमेऱ्यावर लाखभर जास्त घालण्यापेक्षा भरतीची वेळ साधणं कधीकधी जास्त फळतं.

बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी. कोपर कठड्यावरही टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट हातात येते. पाय थोडे फाकवून उभं राहायचं किंवा बसून कोपरं पोटाशी घ्यायची. शटर १/१६०० च्या खाली नको. थवा उडाला की १/२०००. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर, कमाल मर्यादा एक इंची सेन्सरला १६००, एपीएस-सीला (आर ७ चा सेन्सर) ३२००, फुल फ्रेमला (निकॉन झेड ८ चा, याहून मोठा) ६४००. पांढऱ्या बगळ्यावर ऊन असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या, नाहीतर पिसांचा पोत पांढऱ्या डागात जातो. ढगाळ आभाळावर उडणारा पक्षी असेल तर एक स्टॉप वर.

उडत्या पक्ष्यासाठी मिररलेसला तोड नाही. आजच्या मिररलेसमधली पक्षी ओळखणारी प्रणाली थव्यातल्या एकाचा डोळा धरते आणि सोडत नाही. आरएक्स १० मध्ये फेज डिटेक्शन (फोकस कुठे सरकवायचा ते थेट मोजणारी पद्धत) आहे, सेकंदाला २४ फोटोंचा वेग आहे, त्यामुळे तो बऱ्यापैकी साथ देतो. पी ९५० आणि पी १००० कॉन्ट्रास्टवर, म्हणजे मागेपुढे चाचपत, फोकस करतात. घार किंवा दलदली भोवत्या अंगावर येत असेल तर ते मागे पडतात, शिवाय मोटारीचा झूम हळू सरकतो. पक्षी चौकटीतून निसटला की लेन्सच्या अंगावरचं, झूम क्षणभर मागे घेणारं बटण दाबा, पक्षी शोधा, बटण सोडा. एवढं बोटांना वळण लागलं तरी निम्मे फोटो वाचतात.

आर ७ चा एक दोष माहीत असावा. त्याचा सेन्सर हळू वाचला जातो. इलेक्ट्रॉनिक शटरवर, सेकंदाला ३० फोटो काढताना, खंड्याचे पंख वाकडे येतात, पार्श्वभूमीतले खांब कलतात. बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद साठवण्याची त्याची सोय मोहात पाडणारी आहे, पण ती याच शटरवर चालते. फडफडणाऱ्या पक्ष्याला यांत्रिक शटर ठेवा, १५ फोटो पुरेसे आहेत. झेड ८ सारख्या स्टॅक्ड (फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरमध्ये ही अडचण जवळजवळ नाही. त्या किमतीतला मोठा भाग याच गोष्टीचा आहे.

आता जंगल. येऊरच्या झाडीत किंवा कर्नाळ्याला पावसाळ्यात तिबोटी खंड्या शोधताना सगळा हिशोब बदलतो. पानांखाली १/२५० शटर आणि एफ ८ धरलं तर आयएसओ सहजच ६४०० वर जातो. १/२.३ इंची सेन्सरचा (पी १०००, पी ९५०, एसएक्स ७०) फोटो तिथे चिखल होतो. एक इंचीवाला रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल आणि नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोरावर कसाबसा तरतो. इथे ७० मिमीच्या वरची वाट लागते, दुसरा उपाय नाही. तेच घोडबंदर रस्त्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांना गेलात तर पारडं फिरतं. आरएक्स १० पूर्ण झूमवर ७२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, १८०-६०० ला किमान २.४ मीटर अंतर लागतं. फुलपाखरू, चतुर, मग वर फांदीवरचा शिक्रा, हे सगळं एकाच सकाळी लेन्स न बदलता टिपायचं असेल तर एक इंची सुपरझूमच घ्यावा.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग कॅमेरा कपाटात राहतो. आरएक्स १० सुमारे १.१ किलो. आर ७ आणि १००-४०० मिळून सव्वा किलो. पी १००० एक किलो चारशे. झेड ८ आणि १८०-६०० तीन किलोच्या वर. हार्बर लाइनच्या गर्दीतून, पाणी-दुर्बीण घेऊन, ते तीन किलो दर रविवारी निघणार असतील तरच घ्या. गुडघे किंवा खांदा दुखत असेल तर हा प्रश्न तिथेच संपतो. माझा कल स्पष्ट आहे : पक्षी बघणं मुख्य आणि फोटो सोबत, तर एक इंची सुपरझूम, फोटोच मुख्य, तर आर ७ वर्गातली बॉडी आणि १००-५०० किंवा त्याहून रुंद वाटेची लेन्स, भले दोन वर्षं थांबून. व्यावसायिक बॉडीवर स्वस्त लेन्स, हा मधला मार्ग सगळ्यांत कमी देतो.

फोर्टात बोराबाजारात बघायला जाणार असाल तर स्वतःचं एसडी कार्ड खिशात ठेवा. पूर्ण झूम, १/१०००, आयएसओ ३२००, रॉ. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस लावा, मग काउंटरवरच्या वस्तूवर, परत पाटीवर. फोकस किती वेळ मागेपुढे शोधत बसतो ते पाहा. मग बटण दाबून धरा आणि कॅमेरा कधी अडखळतो ते मोजा. आर ७ ला व्ही ६० (वेगाने लिहिणाऱ्या) दर्जाचं कार्ड नसेल तर तो लवकर अडखळतो. फाइली घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. जुनी लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, किंमत कितीही उतरली तरी नको. जुन्या सुपरझूममध्ये एफ ८ ला आभाळाचा फोटो काढून काळे ठिपके शोधा. लांब बाहेर येणारी लेन्स हवा आणि धूळ आत ओढते, आणि भिंग निघत नसल्याने ती धूळ सर्व्हिस सेंटरलाच काढावी लागते. मिररलेसमध्ये ब्लोअरने बहुतेक काम होतं.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका, फोममध्ये ओल धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा वीस-तीस मिनिटं बॅगेतच राहू द्या, म्हणजे भिंगावर वाफ धरत नाही. बोटीतून आल्यावर आधी ब्लोअर, मग साध्या पाण्यात किंचित ओलसर केलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. कोरड्या कापडाने घासलं तर मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. सुपरझूमचा स्विच बंद केला की लेन्स आपोआप आत जाते आणि नळीवरचं खारं पाणीही सोबत नेते. म्हणून लेन्स बाहेर असतानाच नळी पुसा आणि मगच स्विच बंद करा. ऑटो-ऑफची वेळही मेनूत जाऊन पाच मिनिटांवर न्या, नाहीतर पुसण्याआधीच ती आत शिरते.