जुना ट्रेलर, नोंद ४: ओल खालच्या कोपऱ्यात, भोक छताशी

जुना कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं फिरतं घर, विकत घ्यायचाय; पाहिलेल्यांपैकी तीन नंबरच्या ट्रेलरवर मागच्या नोंदीत जवळजवळ फुलीच मारली होती. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, फरशीलगत लाकडातली ओल मोजणारा मीटर २७ टक्के दाखवत होता. मालकाचं म्हणणं असं, की पुढची खिडकी गळायची, तिथे सिलिकॉन भरलंय, आता प्रश्न नाही. सिलिकॉन आहे खरं, बोटभर जाड. ट्रेलरच्या अंगावर सिलिकॉन दिसलं की समजावं, गळती झाकलेली आहे, शोधलेली नाही. वर पुन्हा त्यावर दुसरं कुठलंच सीलंट (फटी बुजवायचा चिकट लेप) नीट धरत नाही. खरवडण्यात निम्मा दिवस जातो.

आकडे मात्र खिडकीच्या गोष्टीशी जुळत नव्हते. खिडकीखाली १२, कोपऱ्याच्या मध्यावर १४, तळाशी २७. (पंधराच्या आत ठीक, वीसच्या वर पाणी शिरतंय असं धरायचं.) खिडकी गळत असती तर तिच्या खालची प्लाय आधी भिजली असती. श्वासाची, स्वयंपाकाची वाफ म्हणावी तर ती सहसा भिंतभर पसरते, अशी एकाच कोपऱ्याच्या तळाशी साठत नाही. मीटर दोन पिनांचाच घ्या. बिनपिनांचा महागडा मीटर पातळ भिंतीमागचा पत्रा आणि स्टेपलच्या पिना ओल म्हणून मोजतो. पण छोट्या पिनाही फक्त आतली ३ मिलिमीटरची प्लाय मोजतात, मागचा लाकडी खांब नाही. मधला १४ म्हणूनच फसवा होता.

तो ताडून पाहायला कोपऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीतली, स्क्रू झाकणारी व्हिनाइलची (मऊ प्लास्टिकची) फीत बाहेर ओढली. विकणाऱ्याची परवानगी घेऊन, अर्थात. वरचे चार स्क्रू तांबूस, पण घट्ट. खालून दुसरा स्क्रू नुसताच गरागरा फिरला आणि हाताने बाहेर आला. आट्यांमध्ये ओल्या चहापत्तीसारखा काळा भुसा अडकलेला. तिथलं लाकूड संपलं. महिनोन्‌महिने पाऊस नसला तर मीटर कोरडा आकडा दाखवेल, गंजलेला स्क्रू मात्र लपवता येत नाही. यापुढे प्रत्येक ट्रेलरची तपासणी मीटरआधी याच फितीपासून.

आता पाणी येतं कुठून? पाइपने पाणी मारायचं तर खालून वर, एकेका जोडावर दहा मिनिटं, असा बेत होता. वरून सुरुवात केली की पाणी सगळ्याच जोडांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पण आधीच भिजलेल्या भिंतीत आणखी पाणी कशाला घालायचं? म्हणून बेत बदलला: आत हवा भरायची आणि बाहेरून साबण लावायचा. गॅस बंद, सगळ्या ज्योती बंद. खिडक्या आणि फ्रिजच्या जाळ्या टेपने बंद, मोऱ्यांमध्ये पेलाभर पाणी, म्हणजे हवा तिथून निसटत नाही. छताच्या एका झरोक्यात पुठ्ठा बसवून त्यातून पानं उडवायचा ब्लोअर, सर्वांत कमी वेगावर. बाहेरून भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी फवारायचं. वारा नको, ऊन नको, नाहीतर फेस बघेपर्यंत सुकतो.

खिडकीवर एक बुडबुडा नाही. छताच्या काठाशी, डाव्या टोकाच्या पिवळ्या मार्कर दिव्याखाली (रात्री ट्रेलरची रुंदी दाखवणारा छोटा दिवा) मात्र फेसाचा गोळा फुगत गेला. दिवा काढला तर मागे वायरसाठी पाडलेलं बोटाएवढं भोक, त्यात ना रबरी बूच ना सीलंट, आणि दिव्याचं गॅस्केट (मागची रबरी चकती) चिरलेलं. पाणी तिथून खांबाच्या बाहेरच्या अंगाने मधल्या प्लायला न शिवता सरळ तळाच्या आडव्या लाकडावर उतरत होतं. बिचाऱ्या खिडकीवर उगाच आळ.

बाकीची तपासणी थोडक्यात. बेअरिंगला खेळ नाही. ब्रेक विजेचे, चाकांतल्या चुंबकांवर चालणारे; चारपैकी तीन चुंबकांचा रोध ३.२ ओमच्या आसपास, म्हणजे ठीक, चौथं बिघडलेलं. ते बदलायला अवघड नाही. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूवर १४१६, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. नक्षी कशीही असो, ते बदलायचेच. फ्रिज सपाटीवर ठेवून गॅसवर सात तास चालवला, छान गार झाला; अमोनियाचा वास नाही, मागे पिवळी भुकटी नाही, म्हणजे आतला अमोनिया गळत नाही. एवढ्यावर तरी खूश व्हायला हरकत नाही. पाटीवरचं कमाल वजन १५०० किलो, रिकामं ११५०. उरलेल्या ३५० मध्ये बॅटरी, सिलिंडर आणि ८० लिटरची टाकी भरली तर पाण्याचे ८० किलो. हुकवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा, म्हणजे भरलेल्या ट्रेलरला १५० ते २२५ किलो.

दुरुस्तीचा अंदाज: कोपऱ्याची पट्टी उतरवायची, खांबाचा खालचा ६० सेंटिमीटर भाग आणि तळाच्या लाकडाचा तुकडा बदलायचा, आतली प्लाय तेवढीच कापायची. पट्टीखालची जुनी पुट्टी प्लास्टिकच्या खरवडणीने आणि मिनरल टर्पेंटाइनने काढायची. मग २५ मिलिमीटर रुंद ब्यूटाइल टेप (फटी बुजवणारी चिकट रबरी पट्टी) आणि आधीच्यापेक्षा एक माप जाड स्क्रू. दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून बाहेर आलेलं ब्यूटाइल कापायचं. चारही कोपऱ्यांना मिळून ९ मीटर टेप. खिडक्यांचं वेगळं, कारण ते सिलिकॉन काढावंच लागणार.

इथवर लिहिताना हिशेब उलटा मांडावासा वाटतोय. आतापर्यंत यादीत 'सगळी उपकरणं चालू' ही अट पहिली होती. पण फ्रिज, हीटर, पंप सुटे मिळतात आणि दोन तासांत बसतात. कुजलेला सांगाडा सुटा मिळत नाही. म्हणून फ्रिज बंद म्हणून वगळलेला दोन नंबरचा ट्रेलर परत यादीत. त्याच्या फितीखालचे स्क्रू बघायचे राहिलेत. तीन नंबरचा सौदा मात्र तळाचं लाकूड दाराच्या दिशेने किती कुजलंय यावर ठरेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं तर ४० सेंटिमीटरपर्यंत आवाज बद्द येतो, पुढे खणखणीत. पण पुढच्या सामानकप्प्याच्या तळाशी ठोकायला जागाच नाही. तिथली प्लाय काढू देणार असेल तरच पुढचं बोलणं.