तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तेच विनोद ऐकून कंटाळा येत नाही?

मी एका स्टँड-अप कलाकाराच्या दौऱ्यावर साउंड सांभाळते. त्याचा नवा दौरा जाहीर झालाय, देशभरातल्या नाट्यगृहांत, आणि ओळखीच्या माणसांचा जुना प्रश्न पुन्हा सुरू झालाय. ‘आता परत कित्येक महिने रोज तेच विनोद. तुला कंटाळा येत नाही?’

नाही येत. आजवर ‘सवय झाली’ म्हणून विषय संपवायचे, पण ते काही खरं उत्तर नव्हे. प्रयोग चालू असताना मी विनोद ऐकतच नसते. माझा कान हशाकडे असतो, आणि हशा कधीच कालच्यासारखा नसतो.

नव्या नाट्यगृहात पोचलो की वायरी ओढायच्या आधी मी रंगमंचाच्या मधोमध उभी राहते आणि एक टाळी वाजवते. ती किती वेळ रेंगाळते, कुठल्या कोपऱ्यातून परत येते, ते ऐकते. मागच्या भिंतीवर आपटून आलेला आवाज ५० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचला की तो मूळ शब्दापासून सुटा ऐकू येऊ लागतो आणि शब्दावर शब्द चढतो. गाण्याला आवाजाचं असं थोडं रेंगाळणं शोभतं. विनोदाचा मात्र शेवटचा शब्द कळला नाही तर आधीची दोन मिनिटं पाण्यात जातात. त्यातून रात्री खुर्च्या भरल्या की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पिऊन टाकतात, म्हणजे संध्याकाळी ऐकलेलं नाट्यगृह रात्री राहतच नाही. तो फरक आधीच धरून चालावं लागतं.

कलाकाराला तर प्रेक्षक दिसतही नाहीत. समोरून दिव्यांचा झोत, पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडे काळोख. लोक आपल्याबरोबर आहेत की नाहीत, हे त्याला फक्त कानाने कळतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. चौतीस मीटरवरच्या रांगेपर्यंत शब्द पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तिथला हशा परत यायला आणखी तेवढाच. ऐकायला हे काहीच नाही, पण ज्याचं सगळं पोट थांबण्यावर आहे त्याच्यासाठी ते पुष्कळ आहे.

मागच्या दौऱ्यात त्याचा वडिलांवरचा एक विनोद होता. छोट्या क्लबांमध्ये घासून बघत होता तेव्हा तो असा होता: ‘बाबा वायफायचा पासवर्ड सारखा विसरायचे, म्हणून त्यांनी तो दाराच्या बाहेरच्या बाजूला लिहून ठेवला.’ लोक हसायचे, पण सैलसर. कारण हसायचा शब्द वाक्याच्या मधेच येऊन जायचा आणि ‘लिहून ठेवला’ हे शेपूट मागे लोंबत राहायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि विनोदाला बऱ्याचदा तेच आडवं येतं. मग तो वाक्य उलटंपालटं करत बसला. सातवी-आठवी खेप असेल, एका रात्री म्हणाला, ‘बाबा पासवर्ड सारखा विसरायचे. मग त्यांनी तो दारावर लिहून ठेवला.’ थांबला. ‘बाहेरून.’ मी हेडफोन काढला आणि खोलीकडे बघत राहिले.

तोच विनोद खोल बाल्कनीच्या एका नाट्यगृहात पडला. पुढच्या रांगा हसल्या, हशा उतरतोय हे ऐकून त्याने पुढचं वाक्य उचललं, आणि नेमका तेव्हा वरून बाल्कनीचा हशा आला. वाक्य चिरडलं गेलं. चूक माझी होती. बाल्कनीसाठी वेगळे स्पीकर असतात, त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडायचा असतो, म्हणजे तो वरच्या पेटीतून नाही, रंगमंचावरून आल्यासारखा वाटतो. ते वेळेचं गणित मी बरोबर केलं होतं, पण आवाजच कमी ठेवला होता. ‘बाहेरून’ वर नीट पोचलाच नाही. खालचे हसले म्हणून वरचे हसले. दुसऱ्या रात्री मी आवाज वाढवला. त्याने थांबा अर्ध्या श्वासाने लांबवला. मी त्याला काही बोलले नव्हते, त्याने मला काही विचारलं नव्हतं. वरचा मजला आणि खालचा मजला एकदम फुटला तेव्हा माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली थरथरली.

खालच्यांमुळे वरचे हसतात, हे काही फक्त माझं निरीक्षण नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाला आढळलं होतं की माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतात. म्हणून तर मोबाइलवर बघून तो प्रयोग ‘पाहिला’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. शब्द तेच असतात, पण शेजारचा माणूस नसतो.

माइकबद्दलही विचारतात. बहुतेक वेळा तो शुअर कंपनीचा एसएम५८ असतो, १९६६ पासून बनतोय तोच. विशेष काही नाही, फक्त त्याची जाळी मुठीत धरू नये. धरली की तो सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो.

कंटाळ्याच्या अगदी उलट गोष्ट घडते ती दौरा संपताना. अमेरिकन स्टँड-अप कलाकार जॉर्ज कार्लिन यांनी १९७७ ते २००८ या काळात एचबीओ या टीव्ही वाहिनीवर १४ कार्यक्रम केले, आणि एक झाला की त्यातलं बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसायचे. आमचाही तसाच. शेवटच्या प्रयोगाला ‘बाहेरून’ आला तेव्हा मला ठाऊक होतं, हा आता पुन्हा ऐकू येणार नाही. लोक हसत होते आणि मी फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, बोट ठेवून हशा पूर्ण विरेपर्यंत ऐकत होते.

नव्या दौऱ्यात आईवरचा एक विनोद आहे. परवा एका लहानशा खोलीत त्याने तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितला. दोनदा शांतता. तिसऱ्यांदा डाव्या कोपऱ्यातून एकच बाई हसली, आणि तो बोलता बोलता तिकडे वळला.