वीज होती, तरी आम्ही बॅटरीवर होतो

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरातला इन्व्हर्टर जेमतेम ४० मिनिटांत मान टाकू लागला. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत मे महिना म्हणजे चाकरमान्यांचा, आंब्याच्या पेट्यांचा आणि वळिवाच्या पावसाचा महिना. वारा सुटला, की कुठेतरी फांदी तारांवर पडते आणि वीज जाते, आणि त्या वर्षी तर मोसमी पाऊसही मे संपायच्या आतच येऊन थडकला होता. घरात ९ माणसे, त्यांत ८२ वर्षांच्या सासूबाई, आणि ज्या इन्व्हर्टरवर पूर्वी ४ तास निर्धास्त निघत, तो पाऊण तासाच्या आतच ओरडू लागलेला.

आमची व्यवस्था साधी आहे : ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक ट्युब्युलर बॅटरी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या घरी २३ दिवस वीज नव्हती आणि ती आल्यावर आठवडाभरात आम्ही हा संच घेतला. एवढ्या लांबलेल्या अंधारावर इन्व्हर्टर हा उपाय नव्हे, हे तेव्हाही कळत होते. पण त्या दिवसांत सगळ्यांचीच मनःस्थिती अशी होती, की काहीतरी केल्यावाचून चैन पडत नव्हते.

ओळखीच्या वायरमनला बोलावले. त्याने बॅटरीला मल्टिमीटर लावला, ११.९ व्होल्टचा आकडा पाहिला आणि म्हणाला, “वहिनी, बॅटरी बसली. पाच वर्षं चालली, आता नवी घ्या.” नव्या बॅटरीचा खर्च पंधरा हजारांच्या वर जाणारा होता. पैशांपेक्षाही मला त्याची मोजण्याची वेळ खटकली, कारण वीज दुपारी दीड तास जाऊन नुकतीच आलेली होती आणि बॅटरी संपलेल्या अवस्थेत होती. रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा हंडा पाहून तो गळका आहे असे ठरवण्यासारखेच हे झाले. मी त्याला चहा दिला, दोन दिवसांची मुदत मागितली आणि वही घेऊन बसले.

पहिला प्रश्न असा, की मुळात किती वेळ मिळायला हवा? इन्व्हर्टरच्या लाइनवर एका वेळी ३ जुने पंखे (प्रत्येकी सुमारे ७५ वॉट), ९ वॉटचे ४ दिवे आणि वायफायचा राउटर धरला, तर लोड २७० वॉटच्या आसपास येतो. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, ती धरून बॅटरीतून साधारण २७ अँपिअर प्रवाह निघतो. १५० भागिले २७ म्हणजे साडेपाच तास, असा सरळ हिशेब इथे चालत नाही, कारण बॅटरीवर छापलेली १५० ही क्षमता २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने, वापरली तरच मिळते. जोरात उपसली, की ती कमीच देते. त्यामुळे नव्या बॅटरीवर आम्हाला मिळणारे ४ तास हेच तिचे खरे माप होते, आणि ४० मिनिटे म्हणजे त्याचा सहावा हिस्सा. पाच वर्षांत बॅटरी थकते हे मान्य. पण फेब्रुवारीत अडीच-तीन तास देणारी बॅटरी मेमध्ये एकदम एवढी खाली येत नाही. काहीतरी नव्याने बिघडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर चार्जिंग झाल्यावर, मी इन्व्हर्टर बंद केला, त्याचा प्लग काढला आणि बॅटरी ३ तास तशीच राहू दिली. चार्जिंग थांबल्या थांबल्या घेतलेला आकडा फसवा असतो. मग झाकणे उघडून आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने बॅटरीतले सहाही सेल, म्हणजे कप्पे, तपासले. काचेच्या नळीत आम्ल ओढून घ्यायचे, आतला तरंगक नळीच्या कडेला चिकटत नाही ना ते पाहायचे, आणि द्रवाची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा वाचायचा. १.१८५, १.१८५, १.१६५, १.१८०, १.१८५, १.१८०. आमच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर १.२४० असायला हवे. मल्टिमीटरवर १२.१४ व्होल्ट आले. घनतेत ०.८४ मिळवले, की त्या सेलचा व्होल्टेज जवळपास निघतो. सहा सेलांची बेरीज केली तेव्हा १२.१२ आली. दोन वेगळ्या साधनांनी एकच गोष्ट सांगितल्यावर मला बरे वाटले. एखादा सेल पूर्ण मेला असता, तर त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा कितीतरी खाली दिसला असता. तिसरा सेल थोडा मागे होता, एवढेच. म्हणजे बॅटरी बसलेली नव्हती. रात्रभर चार्जिंगला असूनही ती जेमतेम निम्मी भरली होती.

ती भरत का नव्हती, याचे पहिले उत्तर त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मिळाले. इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेला तिथला जुना पिवळा बल्ब मिणमिणत होता आणि फ्रिज घरघरत होता. मी सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला, तर १७४ व्होल्ट. थोड्या वेळाने १८५, मग पुन्हा १७१. आमचे घर डीपीपासून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावर आहे आणि गेल्या काही वर्षांत मधल्या वाटेवर पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. मेमध्ये तिथले सगळे एसी संध्याकाळी एकदम सुरू होतात. पडवीत जाऊन पाहिले, तर इन्व्हर्टरवरचा मेन्सचा, म्हणजे बाहेरच्या विजेचा, दिवा विझलेला आणि बॅटरीचा लागलेला होता. आतून अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येत होता. तो आवाज आम्ही महिनाभर ऐकत होतो आणि वासा वाजत असेल असे म्हणून सोडून देत होतो.

झाले होते ते असे. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटी कळ असते. ती आमच्याकडे यूपीएसच्या बाजूला होती. त्या स्थितीत बाहेरचा व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेला, की यंत्र त्याला वीज मानतच नाही आणि घर बॅटरीवर टाकते. पंखे फिरत राहतात, दिवे झगझगीत राहतात, त्यामुळे कोणालाच काही कळत नाही. रोज संध्याकाळी वीज असताना आम्ही बॅटरी वापरत होतो, आणि मग खरी वीज जाई तेव्हा ती अर्धी संपलेली असे. कळ दुसऱ्या बाजूला केली, की यंत्र पार १०० व्होल्टच्या आसपासपर्यंत बाहेरचीच वीज घेते आणि चार्जिंगही चालू ठेवते. तोटा एवढाच, की वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यात क्षणभर जास्त जातो आणि साधा संगणक तेवढ्यात बंद पडू शकतो. आमच्याकडे लॅपटॉप आहेत. पण ज्यांच्या पंख्यांना आणि टीव्हीला कमी व्होल्टेज सोसत नाही, त्यांनी ही कळ फिरवण्याआधी स्टॅबिलायझरचा विचार करावा.

दुसरे उत्तर बॅटरीच्या डोक्यावरच होते. समुद्र इथून हवेच्या रेषेत ३ किलोमीटरही नाही. खाऱ्या दमट हवेत लोखंड काय किंवा तांबे काय, काहीच टिकत नाही. पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-हिरवी भुकटी फुलली होती, पण ती तर गेली दोन वर्षे होती, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. आता घर मुद्दाम बॅटरीवर टाकले, पंखे चालू ठेवले, आणि मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर व दुसरी तिच्यावर आवळलेल्या वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, टेकवली. दोघांमध्ये एक सुतभरही अंतर नव्हते. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवे होते, दिसले ०.८ व्होल्ट.

हा आकडा लहान वाटतो, पण १२ व्होल्टच्या घरात तो मोठा आहे. इन्व्हर्टर आपल्या टोकाला साडेदहा व्होल्ट दिसले, की बॅटरी संपली असे समजून बंद होतो. म्हणजे बॅटरीत ११.३ असतानाच त्याला साडेदहा दिसत होते. २७ अँपिअर गुणिले ०.८ म्हणजे जवळजवळ २२ वॉट उष्णता त्या एका बोल्टाखाली तयार होत होती, आणि खरोखरच लगला बोट लावले तर चटका बसला. चार्जिंगच्या वेळी हीच गडबड उलट्या बाजूने होई : बॅटरीला मिळण्यापेक्षा जास्त व्होल्टेज इन्व्हर्टरला दिसे आणि ती भरत आली असे समजून तो आपला हात लवकर आखडता घेई. कमी व्होल्टेजने रोज पडणारी तूट त्यामुळे रात्री भरून निघत नव्हती.

साफसफाईला अर्धा तास लागला. इन्व्हर्टर बंद, प्लग बाहेर, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप, हातातल्या बांगड्या काढून बाजूला. हे शेवटचे मी आवर्जून सांगते, कारण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला, तर तो क्षणात लालबुंद होतो. आधी निगेटिव्ह सोडवली, मग पॉझिटिव्ह. सहाही झाकणे घट्ट बंद आहेत याची खात्री करून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घातला आणि जुन्या टूथब्रशने भुकटी धुतली. सोडा आम्लाला लागला, की फसफसतो, तो फसफसायचा थांबेपर्यंत. तोच सोडा एखाद्या सेलमध्ये गेला, तर बॅटरीचेच वाटोळे. कोरडे करून पॉलिश पेपर मारला, गंजलेला बोल्ट बदलला, आवळला, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी जेली लावून मग आवळणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. पुन्हा मोजले, तेव्हा फरक ०.०२ व्होल्ट होता.

पाण्याबद्दल शेजारच्या काकांशी माझा नेहमी वाद होतो. ते विहिरीचे पाणी गाळून घालतात आणि “एवढं स्वच्छ पाणी आहे” असे म्हणतात. पिण्याला ते उत्तमच आहे. परंतु बॅटरीला क्षार नकोत, लोह तर मुळीच नको. पाण्यातले लोह आत गेले, की बॅटरी काही न वापरताही आपोआप उतरू लागते. फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वस्त मिळतो. ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर, पातळी दाखवणाऱ्या दर्शकाच्या हिरव्या खुणेपर्यंतच घालावे, कारण चार्जिंगमध्ये द्रव वर चढतो आणि काठोकाठ भरलेले आम्ल बाहेर येऊन तीच भुकटी पुन्हा फुलवते. मात्र आतल्या प्लेट उघड्या पडल्या असतील, तर त्या झाकण्यापुरते पाणी लगेच घालावे. आम्ल कधीही घालू नये. उडून जाते ते पाणी.

एक गोष्ट सासूबाईंनी सुचवली, ती आधीच करायला हवी होती. बॅटरीच्या वरच्या फळीवर संध्याकाळचे निरांजन ठेवले जाई. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. पडवी उघडी आहे म्हणून आजवर निभावले. निरांजन आता देव्हाऱ्यातच असते.

कळ फिरवून, लग साफ करून आणि पाणी घालून बॅटरी सलग ३० तास चार्जिंगला ठेवली. सेलांचे आकडे १.२३५ वर आले, तिसरा १.२१५ वर राहिला. पुढच्या रविवारी मी स्वतःच मेन स्विच पाडला आणि वेळ लावली : ३ तास १० मिनिटे. वायरमनला फोन करून सांगितले. तो म्हणाला, “मग वर्ष काढेल, वहिनी.”

तिसरा सेल मी दर महिन्याच्या १ तारखेला वहीत टिपते. जूनमध्ये १.२१५, ऑगस्टमध्ये १.२१०, ऑक्टोबरमध्ये १.२०५. हा सेल एक दिवस बाकीच्या पाचांना खाली ओढणार आहे, आणि तेव्हा मी नवी बॅटरी घेईन. पन्नास किलोंच्या वर वजनाची जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर न घालता दुकानदाराला परत करीन, शिशाचे पैसे वजा होतातच. तोवर मे महिना येण्याआधी तिन्ही पंखे २८ वॉटचे घ्यायचे ठरले आहे. तसे केले, की या थकलेल्या बॅटरीवर २७० ऐवजी सुमारे १३० वॉटचाच लोड पडेल, असा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.