गाठ गेली, मग आता काय?

“ऑपरेशननंतर डिप्रेशन गेलं ना?”

लग्नाच्या पंगतीत विचारतात, कॉलेजातले जुने सहकारी फोनवर विचारतात. आणि ज्यांच्या घरी कुणाच्या तरी डोक्यात नुकतीच गाठ सापडलीय, ते तर अगदी काकुळतीला येऊन विचारतात. पहिल्या दोघांना मी आजवर “हो, बरंय आता” म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांना तसं वाटेला लावता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

मला फीट आली आणि डोक्यात गाठ सापडली. फीट कशी आली, कुठे आली, कोण धावलं ते इथे नको. गाठ मेनिन्जिओमा होती, म्हणजे मेंदूवरच्या आवरणातून वाढलेली. कॅन्सरची नव्हती. जागा कपाळामागे, कवटीच्या तळाशी, वासाच्या नसांवर. अशी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि मेंदूच्या पुढच्या भागाला रेटत राहते. एखादी गोष्ट आपणहून सुरू करणं हे त्या भागाचं काम. २०२१ मध्ये मला फोडणीचा वास येईनासा झाला, तो कोविडच्या नावावर खपून गेला. त्या काळात वास गेलेली माणसं घरोघरी होती.

त्याच्याही आधीपासून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतो. ती फाइल कपाटात, बायकोच्या साड्यांखाली. गाठीची फाइल मात्र थेट दिवाणखान्यात आली. पाहुणे आले की मेहुणे एमआरआयच्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवायचे. “बघा, केवढी! आता ह्याचं काय चुकत होतं, सांगा.” आळशी, घुमा, संसारात लक्ष नसलेला, अशा सगळ्या आरोपांतून मी एका फिल्मवर निर्दोष सुटलो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की विमा देताना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा. आमच्या कपाटापर्यंत तो कायदा पोचला नव्हता.

ऑपरेशनच्या आधी मी दुःखी होतो असं सगळे म्हणतात. मला तसं आठवत नाही. वडील गेले तेव्हा रडू आलं नाही. मुलगी बारावीला पहिली आली तेव्हा पेढा खाल्ला आणि पेपर उघडला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर पडून राहायचे, आणि ते पडून आहेत याचंही काही वाटायचं नाही. त्रास व्हायचा तो बायकोला. एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीने थोडी झोप सुधारली, बाकी फरक नाही. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उदासी वेगळी आणि ही निरिच्छता वेगळी, पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हेही त्यांनीच सांगितलं. घरच्यांनी पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

ऑपरेशन झालं आणि मी उधाणलो. मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन चालू होतं. हे स्टेरॉइड काहींना असं चढतं, की झोप उडते, भूक खवळते, तोंडाला खळ राहत नाही. मला तसंच चढलं. डोक्याला टाके, डोळे सुजलेले, आणि मी पहाटे इंदूरला ताईला फोन करून लहानपणीच्या विहिरीच्या गोष्टी सांगतोय. रात्री मुलीच्या जुन्या वहीत इंटिग्रेशनची गणितं सोडवतोय. बायको येईल त्याला सांगायची, “पूर्वीचे हे परत आले हो.” मलाही तसंच वाटलं. ताईने त्या भरात नवस फेडायला सत्यनारायण ठरवला.

पूजेच्या दिवसापर्यंत गोळी कमी करत करत जवळजवळ बंद झाली होती. सोवळं नेसून, डोक्यावर सुती टोपी घालून पाटावर बसलो. समोर धूप, आत शिरा, आणि मला कशाचाच वास नाही. त्या नसा गेल्या त्या गेल्याच. गुरुजींनी संकल्प सांगितला, तो मी म्हटला. साधुवाण्याची कथा सुरू झाली आणि घशात काहीतरी दाटून आलं. कथेतल्या कुणासाठी नाही, कशासाठीच नाही. उठलो. पूजेतून असं उठू नये हे कळत होतं. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनला टेकून खाली बसलो आणि रडलो. वडिलांच्या वेळी न आलेलं सगळं तिथे आलं असावं.

ताई मागोमाग आली. आधी पाठीवरून हात फिरवला. मग थोडं थांबून म्हणाली, “अरे, गाठ गेली ना? मग आता कशाचं रडतोस?”

तिला रागवायचं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं. आत बायको एकटीच पाटावर बसलेली होती. आरतीला मेहुणे उभे राहिले. प्रसाद घेताना लोक माझ्याकडे बघत नव्हते. ज्या फिल्मवर मी सुटलो होतो, ती फिल्म आता माझ्या बाजूने नव्हती.

रात्री बायको म्हणाली, “अहो, परत तर आली नसेल?” ठरलेल्या तारखेच्या आधीच एमआरआय करून घेतला. रिपोर्ट स्वच्छ. तिने देवापुढे साखर ठेवली आणि मला वाईट वाटलं. काहीतरी निघायला हवं होतं असं वाटलं. पुढचे महिने विचार कुठवर गेले ते इथे लिहिणार नाही. ते बायकोला आणि डॉक्टरांना माहीत आहे. एका रात्री टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवरही बोललो.

ज्यांच्या घरी ऑपरेशनची तारीख ठरलीय, त्यांच्यासाठी हा एवढा भाग. स्टेरॉइड उतरताना मन खाली येऊ शकतं, पण म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशीच उतरवायची. फीटसाठी देतात त्या लेव्हेटिरॅसिटॅमने काही माणसं चिडचिडी, उदास होतात. मी ताट भिरकावलं तोवर आम्हाला हे ठाऊक नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टनी औषध बदललं तसा राग बराच ओसरला, उदासी तेवढी नाही. मग साड्यांखालची फाइल पुन्हा काढली. फीट येऊन गेलेल्या माणसाला डिप्रेशनची गोळी जपून निवडावी लागते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. हे आधीच करता आलं असतं, आम्हाला कुणी सुचवलं नाही. बाकी माझा उपाय फार साधा आहे. अंघोळ दहाच्या आत, आणि संध्याकाळी शेजारच्या मुलाला गणित. कधीकधी दोन्ही चुकतं.

आता तुमचा प्रश्न. त्या उधाणलेल्या दिवसांत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की जे काही होतं ते गाठीमुळे होतं. त्या माणसाशी मी अजून भांडतो. तू स्टेरॉइडवर बोलत होतास, असं त्याला म्हणतो. तो म्हणतो, पण वडिलांसाठी रडू आलं की नाही? गाठ असताना ते येत नव्हतं. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऑपरेशननंतर मी जास्त दुःखी झालो, ही सुधारणा धरायची का? डॉक्टर हसून म्हणाले, काही अंशी. बायको म्हणते, सगळी गाठच होती आणि ही तिची उरलेली सावली. मुलगी म्हणते, बाबा आधीपासूनच असे होते, माझ्या पाचवीपासून. गाठ तेव्हा होती की नव्हती हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तेव्हा डिप्रेशन गेलं ना, तर नाही. कमी आहे. पुढचा एमआरआय जानेवारीत आहे. त्यात काही निघालं नाही तरी गोळी चालू ठेवायची, हे डॉक्टरांनी आणि मी आत्ताच ठरवून टाकलंय. ताईला अजून सांगितलेलं नाही.