आमची वाटचाल : गुऱ्हाळाच्या चुलवाणापासून स्मोकरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, फॅब्रिकेशनचे (लोखंडी पत्रा कापून-जोडून वस्तू घडवण्याचे) काम सुरू केले, तेव्हा आमचे गिऱ्हाईक मुख्यतः गुऱ्हाळवाले होते. काहिलीचा, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईचा तळ बदलणे, धुराड्याला नवी टोपी करणे, चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या तोंडाला जाड पट्टीची चौकट बसवणे अशी कामे दसऱ्याच्या आधीपासून येऊ लागत आणि हंगाम संपेपर्यंत हाताला उसंत नसे. उन्हाळा लागला की मात्र गेट, खिडक्यांचे ग्रिल आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड यांवर भागवावे लागे. पुढे गुऱ्हाळेच कमी होत गेली आणि वर्षभर चालेल असे दुसरे काम शोधणे भाग पडले. आज आमच्या कारखान्यातले निम्म्याहून अधिक काम स्मोकरचे, म्हणजे लाकडाच्या धगीवर आणि धुरावर तासन्‌तास मांस शिजवणाऱ्या पोलादी भट्टीचे असते. जाळ कुठे धरायचा, हवा किती द्यायची आणि उष्णता कोणत्या वाटेने बाहेर काढायची, हे तिन्ही प्रश्न आम्ही चुलवाणापाशी शिकलो होतो आणि स्मोकर बांधतानाही तेच सोडवत असतो.

पहिली मागणी आंबोलीकडे रिसॉर्ट चालवणाऱ्या एका ग्राहकाची होती. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात त्यांनी काही वर्षे नोकरी केली होती आणि तिथल्या भट्टीचे हाताने काढलेले रेखाटन ते घेऊन आले होते. त्यात आडवे नळकांडे, त्याच्या एका टोकाला थोडी खाली बसवलेली जाळाची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडे एवढेच दाखवले होते. आप्पांनी कागद बराच वेळ पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “साहेब, धुराडं वरच्या अंगाला फोडलंय का जाळीच्या लेव्हलला?” ग्राहकांना ते सांगता आले नाही, परंतु प्रश्न मुळावर बोट ठेवणारा होता. धुराडे नळकांड्याच्या माथ्यावर उघडले, तर गरम हवा छताला लागून सरळ निघून जाते आणि मांस खाली अर्धवट ऊब घेत पडून राहते. तेच तोंड मांस ठेवायच्या जाळीच्या पातळीवर ठेवले की धुराला बाहेर पडण्यासाठी मांसावरूनच उतरावे लागते. आम्ही तेव्हापासून धुराड्याचे तोंड जाळीच्या पातळीलाच ठेवत आलो आहोत.

हे यंत्र मूळचे तिकडचे आहे आणि त्याचा इतिहास आम्हांला जवळचा वाटतो. मध्य टेक्सासमध्ये १९ व्या शतकात वस्तीला आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी मांस धुरावण्याची आपली रीत तिथे रुजवली. त्यांच्या भट्ट्या विटांच्या असत आणि लॉकहार्टसारख्या गावांत तशा भट्ट्या आजही चालू आहेत. पुढे त्या राज्यात तेलविहिरींचा धंदा वाढला, वेल्डरांच्या हाताशी जाड पाइपांचे तुकडे उरू लागले आणि त्यांनी त्यांतून स्वतःच्या भट्ट्या जोडल्या. ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनाला जोडून १९७४ पासून बार्बेक्यूची स्पर्धा भरते, तिथे अशा घरगुती बांधणीच्या भट्ट्या गाडीला जोडून आणल्या जातात. वर्कशॉपमधल्या माणसांनी हाताशी असलेल्या मालातून घडवलेली ही वस्तू असल्यामुळे ती उद्यमनगरात होणार नाही, असे आम्हांला कधीच वाटले नाही.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी २०० लिटरचे ड्रम कापून केलेली भट्टी वापरून पाहिलेले असतात. त्या ड्रमचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पटकन तापतो आणि वाऱ्याची एक झुळूक आली की तितक्याच पटकन निवतो, त्यामुळे जाळाशेजारून उठण्याची सोय राहत नाही. शिवाय त्या ड्रममध्ये आधी कोणते रसायन होते आणि आतून कोणता लेप दिलेला आहे, हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. म्हणून जुने ड्रम, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि गॅसचे रिकामे सिलिंडर या तीन गोष्टींवर आम्ही काम करत नाही. जस्त तापले की त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेलेल्या वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. अशा जाळीवर अन्न शिजवणे तर दूरच. सिलिंडर मुळात तेल कंपनीच्या मालकीचे असते आणि आत गॅसचा अंश उरला असेल, तर ते कापणाऱ्याच्या जिवावर बेतते. या नकारामुळे काही कामे हातची गेली, त्याची आम्हांला खंत नाही.

आम्ही ६ मिलिमीटरची एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) प्लेट वापरतो. तिचे वजन चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरते, त्यामुळे अर्धा मीटर व्यासाचे आणि १.२ मीटर लांबीचे नळकांडे जाळाच्या पेटीसह पाय लावण्याआधीच १६० किलोच्या घरात जाते. फॅब्रिकेशनचा भाव किलोवर असल्याने ग्राहक प्रथम बिचकतो, आणि “३ मिलिमीटरमध्ये करून द्या” ही विनंती आम्ही वारंवार ऐकतो. आमचे उत्तर असे की, इथे ग्राहक वजनाचेच पैसे देत असतो, कारण तापलेले वजन हाच या भट्टीतला साठा आहे. झाकण उघडून बंद केल्यावर आतली हवा पुन्हा मूळ तापमानाला येते, ती त्या जड प्लेटने धरून ठेवलेल्या उष्णतेवर.

मापांचा हिशोबही इथे सांगतो, कारण घरी स्वतः वेल्डिंग करू पाहणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. वर सांगितलेल्या नळकांड्यात साधारण २३५ लिटर जागा असते. जाळाची पेटी त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ७८ लिटरच्या जवळपास धरली की ४३ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी डबा बरोबर बसतो. पेटी लहान झाली, तर जाळ गुदमरतो आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसत राहते. धुमसणाऱ्या लाकडाचा दाट पांढरा धूर मांसावर कडवट थर चढवतो. स्वच्छ जाळाचा धूर पातळ, निळसर आणि जेमतेम दिसेल एवढाच असतो. गुऱ्हाळात चुलवाणापाशी बसणारा माणूस धुराड्याच्या तोंडाकडे पाहून चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) किती लोटायचे ते ठरवतो. स्मोकर चालवणाऱ्यालाही आम्ही धुराड्याकडेच पाहायला सांगतो.

सर्वांत नाजूक काम दाराचे असते. प्लेट रोल करताना तिच्यात ताण भरतो आणि नळकांड्याला दाराची चौकट एकदम कापली, तर कापलेला तुकडा उघडतो, मूळ गोलाईवर पुन्हा बसत नाही आणि चहूबाजूंनी फट राहते. त्यासाठी आम्ही प्रथम फक्त बिजागरीची बाजू कापतो, तिथे बिजागऱ्या पक्क्या वेल्ड करतो, उरलेल्या रेषांवर बाहेरून पट्टी गोलाईप्रमाणे वाकवून वेल्डिंगचे टाके मारतो आणि मगच ग्राइंडरने त्या रेषा कापतो. वेल्डिंगसुद्धा एका दमात ओढत नाही. समोरासमोर थोडे थोडे टाके मारायचे, प्लेट निवू द्यायची, मग पुढचा भाग भरायचा. लांब सांध्यांना आम्ही सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशाने, गनने होणारे) वेल्डिंग करतो, आणि कोपऱ्यांत, जिथे गन नीट पोहोचत नाही, तिथे ३.१५ मिलिमीटरची ६०१३ प्रकारची वेल्डिंगची काडी वापरतो. आमच्याकडचे दाराचे काम सुरुवातीपासून एकाच फिटरकडे आहे. ते गोलाई बोटाने तपासतात आणि त्यांना पटल्याशिवाय दार पुढे जात नाही, मग गाडी दारात उभी असली तरी.

भट्टी तयार झाल्यावर आतून शेंगतेलाचा हात देऊन काही तास जाळ घालतो. तेल प्लेटवर भाजून काळा, चिवट थर धरते आणि गंज रोखते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात या थराची किंमत कळते. बाहेरून उष्णता सोसणारा रंग देतो, पण जाळाच्या पेटीवर कोणताही रंग फार टिकत नाही, म्हणून तिला जवसाचे तेल लावतो आणि ग्राहकालाही अधूनमधून तेच लावायला सांगतो. त्यानंतर ब्रेडची तपासणी होते. मिसळीबरोबर मिळतात तशा ब्रेडच्या स्लाइस जाळीभर ओळीने मांडून दार लावायचे आणि काही वेळाने उघडायचे. कोणती स्लाइस करपली, कोणती पांढरी राहिली, यावरून भट्टीत कुठे गरम आहे आणि कुठे थंड आहे, याचा नकाशाच समोर येतो. पेटीकडची बाजू नेहमी थोडी जास्त भाजते. फरक फार असेल, तर आतली, उष्णता पसरवणारी आडवी प्लेट सरकवून पुन्हा स्लाइस मांडतो.

स्मोकरचे काम १०७ ते १३५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात चालते. गुळाचा पाकही साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवतात, त्यामुळे आमच्या जुन्या माणसांना हा टप्पा नवा नव्हता. मटणाचा फरा किंवा मांडी अशा मंद आचेवर ठेवली की त्यातले चिवट तंतू हळूहळू विरघळून मऊ होतात. टेक्सासमध्ये याच रीतीने गाईच्या छातीचे मांस शिजवतात. आमच्याकडे फरा, कोंबडी, आणि गोव्याच्या ग्राहकांकडे डुकराच्या बरगड्या असतात. नव्या ग्राहकाचा फोन बहुधा दुपारी येतो, की मांसाचे तापमान ७० अंशांच्या आसपास अडकले आहे, भट्टीत काही बिघाड आहे का. बिघाड काहीच नसतो. मांसातला ओलावा वाफ होऊन उडताना पृष्ठभाग थंड करतो, म्हणून तापमान काही तास जागचे हलत नाही. अशा वेळी जाळ वाढवू नये, एवढाच आमचा आग्रह असतो.

लाकडाचा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे. तिकडे ओक, हिकरी आणि मेस्कीट वापरतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात माजलेली वेडी बाभूळ ही त्या मेस्कीटच्याच कुळातली. तिचा जाळ कडक आणि धुराचा वास उग्र असल्याने आम्ही ती आंबा, पेरू किंवा चिकूच्या लाकडात थोडीच मिसळायला सांगतो. लाकूड चांगले वाळलेले हवे. प्लायवूडचे, रंगाचे किंवा पॉलिशचे तुकडे मात्र कितीही फुकट मिळोत, ते पेटीत घालू नयेत.

आता आमच्याकडे लोणावळा, पाचगणी, गोवा आणि बेळगावकडून मागण्या येतात. हॉटेलांसाठी दुहेरी भिंतीची, मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी तंतूंचा कापूस) भरलेली भट्टी आम्ही अलीकडे करू लागलो आहोत. तिला लाकूड कमी लागते आणि स्वयंपाकघराच्या मागच्या चिंचोळ्या जागेत तिची धग शेजाऱ्यांना लागत नाही. गुऱ्हाळांची कामेही आम्ही सोडलेली नाहीत. आप्पा आता रोज कारखान्यात येत नाहीत, पण दसऱ्याआधी धुराड्याचे काम निघाले की ते हजर असतात.

नवीन मागणी देताना ग्राहकांनी आम्हांला तीन गोष्टी कळवाव्यात: एका वेळी किती माणसांचे जेवण करायचे आहे, जवळपास कोणते लाकूड नियमित मिळते, आणि भट्टी ठेवायच्या जागी वारा कोणत्या दिशेने येतो. पेटीचे तोंड कोणत्या बाजूला काढायचे ते आम्ही त्यावरून ठरवतो. पहिला जाळ घालायला आमचा माणूस जागेवर येतो आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.